डाव्या खुर्चीतून उजव्या खुर्चीत

प्रिय अन्वी आणि ईशान,

मागच्या रविवारी फोनवर अन्वीने मला एक प्रश्न विचारला. तिचं विमान चालवण्याचं शिक्षण संपत आलं आहे. लायसन्स मिळेल, पण मोठ्या एअरलाइनमध्ये लगेच जागा मिळेल असं दिसत नाही. एक चार्टर कंपनी मात्र बोलावते आहे. आठ-नऊ माणसांची छोटी विमानं, वेळापत्रक नाही, ज्याने विमान भाड्याने घेतलं तो सांगेल तेव्हा आणि सांगेल तिथे उडायचं. "आजी, तिकडे जाऊ की..." एवढंच ती बोलली होती, आणि मी "अगं, जा की!" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच राग आला. वैमानिकांना मदत करण्याचा माझा इतिहास काही चांगला नाही. तो तुम्हाला ठाऊक असावा, म्हणून हे लिहिते आहे. ईशानला जोडाक्षरं अडतात. त्याने आईकडून वाचून घ्यावं, आणि आईने मधे मधे स्वतःचं काही घालू नये.

मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निबंध क्रमाने लिहावा म्हणून मुलांच्या मागे लागले. पण हा माणूस मला क्रमाने आठवत नाही. आधी त्याचे बूट आठवतात.

काळे, आरशासारखे चकचकीत बूट. ते घालून तो सकाळी सातला माझ्या ओटीवर येऊन बसायचा. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, आणि पाठ भिंतीला न टेकता स्टुलावर ताठ. पाठ टेकली तर शर्ट चुरगळतो. सारवलेल्या ओटीवर बूट नकोत हे मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं, आठव्या दिवशी सांगितलं, आणि नंतर सांगायचं सोडून त्याच्या पायाखाली एक जुनी गोणी टाकली. तो त्या गोणीवर पाय ठेवून तासन् तास बसे. अकरा वाजता विचारावं, "काय रे, निघायचं नाही का?" तर म्हणे, "पार्टी यायची आहे, बाई."

पार्टी म्हणजे विमान भाड्याने घेणारा माणूस. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, आपला विमानतळ झाला त्यानंतरची ही गोष्ट. एका उद्योगपतीचं इकडे हॉटेलचं काम चाललं होतं, आणि त्याच्या दिमतीला चार्टर कंपनीने आपलं एक छोटं दोन इंजिनांचं विमान वर्षभरासाठी इथे ठेवलं होतं. ते चालवणारा हा कॅप्टन. तुमच्या आजोबांच्या माघारी मी मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देत होते. त्यातली एक त्याने घेतली. मूळचा आरोंद्याचा, पण आई-वडील गेल्यावर तिथलं घर बंद होतं. बायको आणि मुलगी पुण्याला. वय चव्वेचाळीस. कोणीही हाक मारली की अर्धवट उठून उभा राहायचा, जणू कोणाची तरी बॅग उचलायची आहे.

आणि खरंच उचलायचा. चार्टरमध्ये वैमानिकाला काय काय करावं लागतं ते मी त्याच्याकडून ऐकलं. पार्टीच्या बॅगा चढवायच्या, बसायच्या जागा पुसायच्या, थर्मासमध्ये चहा भरून घ्यायचा, कोणाला कुठलं वर्तमानपत्र लागतं ते लक्षात ठेवायचं. त्याच्या हाताखाली एक कोपायलट होता, उजव्या खुर्चीत बसणारा. पण हा त्याला काही करूच देत नसे. "मी करतो, पटकन होतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझ्या घरीसुद्धा मी विहिरीवरचा पंप चालू करायला उठले की हा आधीच बटण दाबून आलेला असे. टाकी भरलेली आहे की नाही हे न बघता. दोनदा पाणी वाहून गेलं.

जेवण ही आमच्यातली रोजची लढाई होती. माझ्याकडे एक वाजता पानं मांडली जातात. तुम्ही इथे येता तेव्हा तुम्हालाही ते माहीत आहे. हा एक वाजता म्हणायचा, "थोडं थांबतो, बाई. फोन येईल." फोन तीनला यायचा, किंवा यायचाच नाही. कधी दोन घास खाल्ल्यावर यायचा आणि हा ताटावरून उठून जायचा. माझ्यापेक्षा जास्त संताप व्हायचा तो शेवंतीचा. शेवंती आपल्याकडे स्वयंपाक बघते ती. माहेर धामापूरचं, शिक्षण सातवीपर्यंत, आणि जीभ अशी की बाजारात कोळणीसुद्धा तिच्याशी भाव करताना आधी आजूबाजूला बघतात.

"कप्तान, बांगडे थंड झाले मरे! पार्टी काय पळान जाणा नाय. जेवक बस."

"वयनी, वायच येळान जेवतंय. फोन येतलो."

"फोन तुका जेवण वाढतलो काय?"

माझ्याशी तो शाळेतली मराठी बोले, फोनवर इंग्रजी, आणि शेवंतीशी मालवणी. मला नेहमी वाटायचं की तीन माणसं भाड्याने राहताहेत आणि जेवायला एकही येत नाही.

त्याचं वजनाचं वेड तर मी कधी विसरणार नाही. छोट्या विमानात कोण किती वजनाचं आणि कुठे बसलं आहे याला फार महत्त्व असतं, हे मला मान्य आहे. पण त्याच्या खिशात मासे तोलायचा छोटा ताणकाटा असे, आणि दिसेल ती पिशवी तो त्याला लटकवून बघे. रिक्षात बसताना तो आम्हाला जागा ठरवून देई. एकदा कोल्हापूरचं एक कुटुंब पाहुणे म्हणून आलं होतं. न्याहारीला घावणे वाढलेले. हा आला, नमस्कार केला, आणि त्या गृहस्थांच्या पत्नीला अत्यंत अदबीने विचारलं, "मॅडम, आपलं वजन किती असेल?" त्यांना होडीतून किल्ला बघायला जायचं होतं आणि होडीत कोणी कुठे बसावं हे ह्याला सांगायचं होतं. त्या बाईंनी घावणा खाली ठेवला. नंतर त्यांनी इंटरनेटवर माझ्या घराबद्दल लिहिलं: जेवण उत्तम, खोल्या स्वच्छ, वजन विचारतात.

शेवंतीलाही त्याने विचारलं होतं. तिने तर नवऱ्यालाच मधे आणलं: "माझा वजन माझ्या घोवाक पण म्हायत नाय, तुका कित्याक होया?"

आणि उशीचा अभ्रा. माझ्याकडे पाहुण्यांच्या उशांचे बारा अभ्रे होते, क्रमांक घातलेले. एके दिवशी अकराच भरले. दोन दिवस मी धोब्यावर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी मान वर करून बघते तर सात नंबरचा अभ्रा माडाच्या शेंड्याला! ह्याने नारळ काढणाऱ्या पाडेल्याला वर चढवून, अभ्र्याची दुसरी बाजू उसवून, तो वाऱ्याची दिशा बघायला बांधला होता. "पश्चिमेचा आहे, बाई," तो समाधानाने म्हणाला. समुद्र पश्चिमेला आहे. वारा पश्चिमेचा आहे हे मला अभ्र्याशिवाय कळत होतं.

आता मुद्द्याकडे येते.

त्याची बायको मला कधी कधी फोन करी. शांत, नेमकं बोलणारी बाई. एकदा म्हणाली, "काकू, मी काही भांडत नाही ह्यांच्याशी. पण मला तारखा हव्यात. एअरलाइनच्या वैमानिकांना महिन्याची ड्युटी-यादी आधी मिळते. कधी उडायचं, कधी घरी, सगळं छापलेलं. ती मला फ्रिजवर लावायची आहे. मुलगी चौदा वर्षांची झाली. तिच्या एकाही वाढदिवसाला हे येतो म्हणून आलेले नाहीत. आले तेव्हा अचानक आले, आणि केक कापायच्या आत फोन आला." मग म्हणाली, "ह्या वर्षी नाही जमलं तर आम्ही वाट बघायचं सोडून देऊ. म्हणजे ते आले तर येतील, पण आम्ही त्यांचं ताट मांडणार नाही."

ती हे ओरडून म्हणाली असती तर मला इतकं लागलं नसतं. ताट मांडून वाट बघणं काय असतं हे मला त्या वर्षी रोज दुपारी एक वाजता कळत होतं.

त्यालाही त्या तारखा हव्या होत्या. तरुणपणी लायसन्स मिळालं तेव्हा कुठलीच एअरलाइन भरती करत नव्हती, म्हणून तो चार्टरमध्ये शिरला. एक-दोन वर्षं तास जमवू आणि मग मोठ्या विमानावर जाऊ, असा बेत. मोठ्या कंपन्या उड्डाणाचे तास मोजतात. तास जमले, पण तोवर तो इथे कॅप्टन झाला होता. डावी खुर्ची कॅप्टनची, उजवी कोपायलटची. एअरलाइनमध्ये जायचं तर पुन्हा उजव्या खुर्चीत बसायचं आणि रांगेत शेवटी उभं राहायचं, कारण तिथे मागचा अनुभव कितीही असो, नंबर लागतो तो रुजू झाल्याच्या तारखेवर. आज जाऊ उद्या जाऊ करत बारा वर्षं गेली. शेवटी त्याने रजा घेऊन मोठ्या विमानाचं प्रशिक्षण पुरं केलं. आता उरली होती निवड चाचणी: खोट्या विमानात, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, परीक्षकासमोर विमान उतरवून दाखवायचं.

त्याच्या वयाच्या माणसाला कोपायलट म्हणून घेणाऱ्या तीनच कंपन्या त्याला सापडल्या होत्या. माझ्याकडे राहायला येण्याआधी पहिलीने त्याला नापास केलं होतं. ते त्याने मला एका दुपारी बूट पुसता पुसता सांगितलं.

"उतरवता आलं नाही?" मी विचारलं.

"उतरवलं, बाई. फार छान उतरवलं. पण एकट्यानेच."

मोठ्या विमानात दोघांनी मिळून काम करायचं असतं. एकाने मागायचं, दुसऱ्याने करायचं. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने बघून उत्तर द्यायचं. हा शेजारच्या माणसाच्या मांडीवरून हात घालून सगळे खटके स्वतःच ओढत होता. परीक्षक म्हणाले, हात उत्तम आहे, पण ह्याला शेजारी कोणी बसलंय हे दिसतच नाही.

मला लगेच पंप आठवला.

तेव्हा, अन्वी, मी त्याला शिकवायचं ठरवलं. कोणी मला सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे कॉकपिटचं पूर्ण आकाराचं छापील चित्र होतं. सगळी घड्याळं, खटके, दांडे असलेला मोठा कागद. वैमानिक मंडळी असा कागद भिंतीला लावून सराव करतात. तो आम्ही स्वयंपाकघराशेजारच्या कोठीच्या दाराला आतून चिकटवला, कारण ओटीवर वाऱ्याने फाटला असता. त्याच्यासमोर दोन खुर्च्या. उजवीकडे तो, डावीकडे हातात यादी घेऊन मी. उच्चार माझे चांगलेच आहेत. पद्धत अशी: मी म्हणायचं "लँडिंग गिअर", म्हणजे विमानाची चाकं. त्याने चित्रातल्या दांड्याकडे आणि दिव्यांकडे बघून म्हणायचं, "डाउन, तीन हिरवे." चाकं खाली आली आणि नीट बसली की तीन हिरवे दिवे लागतात. मग मी पुढचं वाचायचं.

दोन महिने आम्ही हे रोज केलं. त्याची हात पुढे घालायची खोड मोडायला मी लाकडी पट्टी घेऊन बसत असे. खोड मोडली. तो हात मांडीवर ठेवून शांतपणे बसायला शिकला. माझी यादी शेवटी शेवटी इतकी सुरळीत चाले की मला माझंच कौतुक वाटे. शेवंती मात्र तांदूळ निवडता निवडता आमच्याकडे बघत असायची आणि अधूनमधून नाक मुरडायची. मला वाटलं, तिला इंग्रजी कळत नाही म्हणून.

तो दुसऱ्या कंपनीच्या चाचणीला गेला आणि नापास होऊन आला.

तीन दिवस त्याचं काम चालूच होतं. बूट घालून स्टुलावर बसे. फोन आला की जाई. एक वाजता मी त्याला जेवायला बोलावलं तर चक्क आला आणि पूर्ण जेवला, तेव्हा मला खरी भीती वाटली. चौथ्या दिवशी तो उड्डाणाला गेलेला असताना शेवंती खोबरं खवता खवता मला म्हणाली, "बाई, एक सांगू? तुमी त्येचा उत्तर खाल्लात."

"काय खाल्लं?"

"उत्तर. तुमी इचारतात, आणि तो तोंड उघडीपर्यंत तुमीच सांगून टाकतात. दोन म्हयने मी बघतंय. थंय त्या माणसान इचारल्यान आणि गप बसलो. ह्यो पण गप बसलो. ह्येका वाटला, पुढचा पण तोच सांगतलो."

मी तिला मूर्ख म्हणाले. मग खोलीत जाऊन यादी काढून मनातल्या मनात वाचली, आणि मला माझाच आवाज ऐकू आला. लँडिंग गिअर, डाउन, तीन हिरवे. फ्लॅप्स, पूर्ण. एका दमात, छान चढउतार घेऊन. चौतीस वर्षं मी वर्गात हेच केलं होतं. मूल उत्तराला अडखळलं की दोन सेकंदांत मी ते पुरवायचे, कारण घड्याळ पुढे जात असतं आणि अभ्यासक्रम संपवायचा असतो. तुमच्याशी फोनवरही मी हेच करते. तुम्ही मराठी शब्द शोधत असता आणि मी तो पुरवते. तुमच्या आईने मला हे सांगितलं आहे. मी तेव्हा तिचं वाक्यही पूर्ण होऊ दिलं नव्हतं.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी ओटीवरच त्याला गाठलं.

"खरं सांग. चाचणीत काय झालं?"

टोपी काढून तो स्टुलावर बसला. "शेजारच्यांनी 'लँडिंग गिअर' म्हटलं. मी थांबलो. तेही थांबले. बाई, मला खरंच वाटलं की पुढचं ते म्हणतील. फार वेळ गेला. खाली जमीन दिसायला लागली होती, मग परीक्षकांनीच थांबवलं."

"आणि हे तू मला दोन महिन्यांत एकदाही सांगितलं नाहीस? की बाई, उत्तर मला द्यायचंय, तुम्ही गप्प बसा?"

"तुम्ही इतकं छान वाचता," तो म्हणाला. "मधे कसं बोलणार?"

ईशान, तू अजून लहान आहेस, पण त्या क्षणी मला काय वाटलं ते तुला सांगते. त्या माणसाला ओटीवरून खाली ढकलावंसं वाटलं. आठ-नऊ माणसांचे जीव घेऊन ढगांतून उडणारा, कडेला समुद्र असलेल्या सड्यावर आडव्या वाऱ्यात विमान टेकवणारा माणूस, आणि सत्तर वर्षांच्या बाईला 'थांबा' म्हणता येईना! पण बारा वर्षं तो दुसरं शिकला तरी काय होता? पार्टी बोलत असताना मधे बोलायचं नाही. पार्टीला घाई आहे, पार्टीला चहा हवा, पार्टी जे म्हणते ते बरोबर. मी त्याची घरमालकीण नव्हते, मास्तरीणही नव्हते. मी त्याची पार्टी झाले होते, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मी त्याची माफी मागितली. तो अर्धवट उठून उभा राहिला.

तिसरी कंपनी उरली होती, आणि तिची चाचणी पाच आठवड्यांवर होती. त्यानंतर तो त्यांच्या वयाच्या नियमात बसणार नव्हता. मी त्याच्या बायकोला फोन करून जे झालं ते सांगितलं, माझ्या चुकीसकट. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, ते आमच्याशीही असेच आहेत. एकतर सगळं स्वतः करून टाकतात, नाहीतर काहीच बोलत नाहीत."

सरावाला आता कोण बसणार हा प्रश्न होता. त्याचा कोपायलट त्याला इतका घाबरत असे की ह्याच्यासमोर त्याने मोठ्याने वाचलंच नसतं. मी बसायची माझी हिंमत नव्हती. शेवंती हात पुसून डाव्या खुर्चीत जाऊन बसली.

"तुका इंग्रजी येता?" त्याने विचारलं.

"माका येणा नाय म्हणानच बसलंय. माका उत्तर म्हायत नाय. तू सांगल्याशिवाय माका कळाचा कसा?"

माझा सहभाग एवढाच: मी एक ते चौदा आकड्यांच्या चिठ्ठ्या करून चित्रावर क्रमाने चिकटवल्या, म्हणजे तिला पुढे कुठे जायचं ते कळेल. मग मला उंबऱ्यावर कोकमं फोडायला बसवण्यात आलं, तोंड न उघडण्याच्या अटीवर. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत कठीण पाच आठवडे.

शेवंती हळदीच्या हातानेच चित्रावर बोट ठेवी. "ह्या काय?"

"लँडिंग गिअर."

"मगे?"

"डाउन. तीन हिरवे."

"खंय हिरवे? माका तर धवे दिसतत."

चित्र काळ्या-पांढऱ्या रंगात छापलेलं होतं. त्याने सांगितलं की खऱ्या विमानात हिरवे असतात. ती म्हणाली, मी खऱ्या विमानात बसलेली नाही, मला इथे हिरवे दाखव. शेवटी त्याने माझा हिरवा स्केचपेन आणून तीन टिकल्या रंगवल्या, आणि मगच ती दुसऱ्या आकड्यावर गेली. त्याने तिच्या बोटाच्या आधी हात पुढे केला की नारळाच्या करवंटीचा डाव, तिचा दवलो, त्याच्या मनगटावर बसे. "मी इचारीपर्यंत हात लावचो नाय!" आणि विचारल्यावर तो घुटमळला तर ती थांबे. कशी थांबे ते मी पाहिलं आहे. फोडणी जळाली तरी थांबे. बोट चित्रावर, दुसरा हात कमरेवर, नजर त्याच्या तोंडावर. मला उंबऱ्यावर उत्तर घशाशी यायचं, आणि मी कोकमाचं साल तोंडात घालून गप्प बसायचे.

तिसऱ्या आठवड्यात त्याने एका दुपारी तिला म्हटलं, "वयनी, थांब. तू आकडो चुकलंस. आठ नंतर नऊ." शेवंतीने मान वळवून माझ्याकडे विजयाने बघितलं. तो पहिल्यांदाच कोणाला तरी थांब म्हणाला होता.

चाचणीच्या दिवशी दुपारी पावणेदोनला फोन आला. पानं मांडलेली होती. मी उचलला.

"बाई," तो म्हणाला, आणि थांबला.

पास झालास? नापास झालास? काय म्हणाले? सगळे प्रश्न, सगळी उत्तरं माझ्या जिभेवर होती. मी काही बोलले नाही. पलीकडे कुठल्यातरी लाउडस्पीकरवर घोषणा चालली होती. शेवंती पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती, आणि मी तिला हाताने थांब म्हणाले.

"बाई," तो पुन्हा म्हणाला, "मला घेतलं."

मग शेवंतीने फोन ओढून घेतला. "काय ता माका सांग... पास झालंस मां? तीन हिरवे सांगलंस मां?" आणि ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे डोळे मला दिसू नयेत म्हणून, असं मी समजते.

तो महिन्याभरात गेला. जाताना आम्हा दोघींच्या बॅगा उचलायला बघत होता, पण आम्ही कुठेच जात नव्हतो. आता तो उजव्या खुर्चीत बसतो. डाव्या खुर्चीत कधी कधी एकतीस-बत्तीस वर्षांचा कॅप्टन असतो आणि चुकून ह्यालाच सर म्हणतो. स्वतः पुन्हा डावीकडे यायला त्याला अजून काही वर्षं लागतील, आणि तोवर तो किती वर्षांचा असेल ते त्याने मला मोजून सांगितलं आहे. मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला तो घरी होता. आधी सांगून, यादीत छापून. बायकोने मला फोटो पाठवला. त्यात केक कमी आणि फ्रिजच जास्त दिसतो.

तेव्हा, अन्वी, चार्टर की एअरलाइन, हे मी तुला सांगणार नाही. चार्टरने त्याला वारा, ढग, छोट्या धावपट्ट्या आणि वाट बघणं शिकवलं, आणि त्याची बारा वर्षं घेतली. एअरलाइनने त्याला रांगेत शेवटी उभं केलं आणि तारखा दिल्या. तुला काय हवं आहे ते मला माहीत नाही, कारण मी तुझा प्रश्न पूर्ण ऐकलाच नाही. रविवारी तो पुन्हा विचार. मी कोकमाचं साल जवळ ठेवीन.

माडावरचा सात नंबरचा अभ्रा दुसऱ्या पावसाळ्यात फाटून उडून गेला. ताणकाटा तो विसरून गेला होता. तो शेवंतीने घेतला, बाजारातून आणलेले मासे ती त्यावर तोलून बघते. कोठीच्या दारावरचा कागद मात्र आहे. वरचा डावा कोपरा वाळवीने खाल्ला, माझ्या आकड्यांच्या चिठ्ठ्यांपैकी चार गळून पडल्या. तीन हिरव्या टिकल्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी शेवंतीच्या बोटाचा हळदीचा डाग अजून पिवळा आहे.

तुमची,
आजी